देशबांधव, देशवासीय, देशबंधू : डिजिटलवर छापायचं काय?

तालीमवाला
२६ जानेवारीला आमच्या तालीम मंडळाचा कार्यक्रम आहे. सकाळी झेंडावंदन, दुपारपर्यंत रक्तदान, संध्याकाळी माजी सैनिकांचा सत्कार. मजकूर तीन ठिकाणी लागतोय: चौकातलं दहा बाय आठ फुटांचं डिजिटल (फ्लेक्सचा फलक), घरोघरी द्यायची पत्रिका आणि सूत्रसंचालकाचं पहिलं वाक्य.

पोरांनी चार मसुदे दिलेत. एकात ‘माझे प्रिय देशवासियांनो’, दुसऱ्यात ‘समस्त देशबांधव’, तिसऱ्यात ‘देशबंधूंनो’, चौथ्यात ‘राष्ट्रबांधव’. चौघंही आपलंच खरं करून बसलेत. या चारांत अर्थाचा फरक काय? ‘बांधव’ म्हटलं की त्यात बायका येतात का? शुद्ध कसं लिहायचं? आणि कोल्हापुरात कानाला बरं काय लागेल? व्याकरण, इतिहास, कायदा, काय सांगायचं ते सांगा, पण शेवटी छापण्याजोगं काहीतरी हातात द्या. डिजिटलवाल्याला गुरुवारी मजकूर हवाय.

खासबाग
‘देशी बांधव’ तेवढं छापू नका. गर्दी होईल, पण रक्त कुणाचंच घेता येणार नाही.

मुद्रितशोधक
आधी शुद्धलेखन उरकतो, म्हणजे बाकीच्यांना अर्थावर भांडायला मोकळीक.

‘माझे प्रिय देशवासियांनो’ यात दोन चुका आहेत. संबोधनात नामाचं सामान्यरूप झालं की मागचं विकारी विशेषणही बदलतं. म्हणून ‘माझे’ नव्हे, ‘माझ्या’. ‘मेरे प्यारे देशवासियो’ ऐकून ऐकून ‘मेरे’चं ‘माझे’ झालंय. दुसरी चूक वेलांटीची. मराठीत शब्द ‘देशवासीय’ असा चालवला तर ‘सी’ दीर्घ, भारतीय-स्थानिकीय या धर्तीवर: देशवासीयांनो. मूळ ‘देशवासी’ धरला तर ‘देशवासींनो’. ऱ्हस्व ‘सि’ हिंदीतून येते. गंमत म्हणजे खुद्द हिंदीत संबोधनाच्या अनेकवचनाला अनुस्वार नाही, ‘भाइयो और बहनो’ हेच तिथलं शुद्ध रूप. आपल्याकडे मात्र ‘बांधवांनो’ असा अनुस्वार सर्रास छापला जातो. तो नको म्हणणाराही एक पक्ष आहे, पण त्या वादात गुरुवार निघून जाईल.

‘बंधू’चं वेगळं. १९६२ च्या नियमांप्रमाणे तत्सम ऱ्हस्व-उकारान्त शब्द मराठीत शेवटी दीर्घ: गुरू, साधू, बंधू. हाच शब्द समासात पहिला आला किंवा त्याला ‘ता’, ‘त्व’ लागले की मूळचा ऱ्हस्व राहतो: बंधुभाव, बंधुता, बंधुत्व. शेवटी आला की दीर्घ: देशबंधू, दीनबंधू. म्हणजे ‘देशबंधूंनो’ शुद्धलेखनात पास. अर्थात पास आहे का, ते दुसरं कुणीतरी सांगेल.

आणि ‘नो’ लावायचा कंटाळा असेल तर ‘हो’ आहेच. मित्रहो, सज्जनहो, रसिकहो. याला सामान्यरूपही लागत नाही आणि अनुस्वारही लागत नाही. जुनी वक्तेमंडळी ‘सभ्य गृहस्थहो’ म्हणून सुरुवात करायची.

पेठेतली
सर, ‘स्थानिकीय’ हा शब्द कुठल्या गावचा?

मुद्रितशोधक
ताई, पकडलंत. ‘भारतीय, प्रांतीय’ असं वाचा.

शारदा_क
‘देशबंधू’ अर्थात नापास. दोन्ही समास सारखे दिसतात, पण सोडवून बघा. देशबांधव म्हणजे एकाच देशातले बांधव. देशबंधू म्हणजे देशाचा बंधू, देशाचा मित्र. ही पदवी आहे. चित्तरंजन दास (१८७० ते १९२५) यांना लोक देशबंधू म्हणायचे ते याच अर्थाने. बंगालीत ‘बंधू’ म्हणजे सरळ मित्र. दीनबंधू तसाच, दीनांचा कैवारी. १८७७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सत्यशोधकी साप्ताहिकाचं नाव ‘दीनबंधू’ होतं, त्याचा अर्थ ‘गरीब भाऊ’ असा कुणी लावला नाही. तुम्ही चौकातल्या हजारभर लोकांना ‘देशबंधूंनो’ म्हणालात तर हजारभर चित्तरंजन दास समोर बसवलेत.

आता ‘बांधव’. बंधू या शब्दालाच अण् प्रत्यय लागून बांधव होतो, अर्थ बदलत नाही. धातू बन्ध्, बांधणे. पण धर्मशास्त्रात या शब्दाची व्याप्ती मोजून दिलेली आहे आणि ती आपल्या समजुतीच्या उलट आहे. आत्मबांधव कोण, तर आत्याचे मुलगे, मावशीचे मुलगे आणि मामाचे मुलगे. वडिलांचे आतेभाऊ-मावसभाऊ-मामेभाऊ ते पितृबांधव. आईचे हेच तिघे ते मातृबांधव. तीन त्रिक नऊ. यात सख्खा भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. जे नातं मध्ये एखाद्या बाईवरून येतं आणि म्हणून गोत्र बदलतं, ते बांधव.

मळ्यातला
म्हंजे आमच्या भाषेत सांगायचं तर बांधव म्हंजे भाऊबंद न्हवं, पावणं!

ताईंनी एकदम फोड करून टाकली. गावाकडं माणसं दोनच खात्यात असत्यात. भाऊबंद आणि पैपावणं. भाऊबंद म्हंजे एका आडनावाचं, एका भावकीचं, सातबाऱ्यावर नावाखाली नाव असलेलं. पावणं म्हंजे आत्या-मावशी-मामाकडचं, ज्यांचं आपल्या बांधाशी काय देणंघेणं न्हाई. भांडण कुणाशी? भाऊबंदाशी. म्हणून भाऊबंदकी हा शब्द आहे, ‘पावणंकी’ न्हाई. लग्नात मान कुणाला? पावण्याला. मयतीला खांदा देणारा भाऊबंद, पण दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन येणारा पावणा.

तवा ‘देशबांधव’ हा शब्द ज्यानं केला त्यानं लई डोकं लावलंय. देशभाऊबंद म्हटलं असतं तर वाटण्या मागाय सुरुवात झाली असती.

खासबाग
वाटण्या मागून झाल्या की भावा. पाणी, ऊस, सीमा. काय राहिलंय?

बारूम
मळ्यातल्यांनी मांडणी झकास केलीय, पण कायद्याची एक खुंटी मारून ठेवतो.

मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय ग्रंथाप्रमाणे वारसाक्रम असा: आधी गोत्रज सपिंड (एका गोत्रातले जवळचे), मग समानोदक (त्याच गोत्रातले लांबचे) आणि सगळ्यांच्या शेवटी बंधू, म्हणजे ताईंनी सांगितलेले बांधव. म्हणजे एका गोत्रातला लांबचा पुरुष जरी हयात असला तरी सख्ख्या आतेभावाच्या हाती काही लागत नसे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, मुलगी, पत्नी, आई पहिल्या वर्गात आल्या. पण वर्ग एक आणि वर्ग दोन संपल्यावरचा क्रम आजही आधी पुरुषांकडून येणारे नातलग, मग स्त्रीकडून येणारे, असाच आहे. तेव्हा ‘बांधव’ म्हणजे ज्याला मान सगळा, हिस्सा शेवटी. देशबांधवांच्या बाबतीत हे कितपत लागू पडतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि नोंद असू द्या, ही कायद्यातली व्याख्या. बोलीत आणि काव्यात संस्कृतमध्येही बांधव म्हणजे सगळेच सगेसोयरे.

शारदा_क
बरोबर. शिवाय रक्ताच्या पलीकडे हा शब्द फार आधी गेलाय. अन्नपूर्णा स्तोत्राच्या शेवटी आहे: ‘बान्धवाः शिवभक्ताश्च स्वदेशो भुवनत्रयम्’. शिवभक्त हे बांधव आणि तिन्ही लोक हा स्वदेश. ‘बांधव’ आणि ‘स्वदेश’ एका ओळीत बसलेत, पण दोघांमध्ये आजचा देश कुठेच नाही. हा स्तोत्रपाठ अंबाबाईच्या गावात नवा नाही, सूत्रसंचालकाला पाठ असेल.

बावडा_घाट
सगळे ‘बांधव’ला लटकलेत. ‘देश’ कोण बघणार?

गगनबावड्यावरून खाली बघितलं की कोकण आणि पाठीमागे वळलं की देश. करूळ घाटाने वर आलेला माणूस ‘देशावर आलो’ म्हणतो. तो भारतातच होता आधी. मराठीत देश म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचं पठार, हा अर्थ आजही जिवंत आहे: देशावरची ज्वारी, देशावरचं लग्न, कोकण आणि देश. त्याच्याही आत परगण्याएवढा ‘देश’ होता, त्याचा प्रमुख तो देशमुख, हिशोब ठेवणारा तो देशपांडे. देशमुख काही देशाचा राष्ट्रपती नव्हता, काही गावांचा वसूल बघत होता.

म्हणून सावध. ‘देशावरचे बांधव’ लिहिलंत तर घाटाखालची वैभववाडी बाहेर. ‘देशस्थ बांधव’ लिहिलंत तर ती ब्राह्मणांच्या पोटशाखेची मेळाव्याची पत्रिका होईल. ‘देशबांधव’ या जोडशब्दात मात्र देश म्हणजे अख्खा भारत, तिथे कोकणातल्या माणसालाही शंका येत नाही.

पेठेतली
आणि खालून वर आलेल्याला आपण कोकण्या म्हणायचं, त्याने आपल्याला घाटी म्हणायचं. हे पण देशबांधवांचेच प्रकार.

निपाणी_नाका
आमच्याकडे निपाणीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत कार्यक्रम होतात म्हणून सांगतो. कन्नड भाषणातही सुरुवात ‘देशबांधवरे’ अशी होते. शब्द तोच, प्रत्यय तेवढा बदलतो. पाटीवर मराठी ओळीखाली कन्नड ओळ द्यायची असली तर हा एकमेव शब्द असा आहे की भाषांतरालाच भांडण लागत नाही. बाजारात मात्र कुणी देशबांधवरे म्हणत नाही. तिथे ‘नम्मवरु’, आपले. शिरोळ-इचलकरंजीपासून खाली अण्णा म्हटलं की काम होतं, समोरचा मराठी असो की कानडी.

बातमी_डेस्क
हिंदीवरून मराठी बातमी करताना या शब्दांची जी माती होते, तिच्याबद्दल.

हिंदी खेळपानावर ‘हमवतन’ असतो. एकाच देशाचे दोन खेळाडू समोरासमोर आले की ‘हमवतन को हराया’. नवखा उपसंपादक त्याचं ‘देशबांधवाला हरवले’ करतो. वाक्य चुकीचं नाही, पण वाचताना भावाला मारल्यासारखं वाटतं. तिथे ‘आपल्याच देशाच्या अमक्याला हरवले’ पुरतं. त्यातून शब्दशः ‘वतन’ घेतला तर अजून घोळ, कारण मराठीत वतन म्हणजे मायभूमी नव्हे. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णी, जोशी, पिढीजात हक्काचं काम आणि त्याची जमीन. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले. त्या गावात ‘वतनबंधू’ म्हणालात तर जुनी माणसं फेरफार काढून बसतील.

तसाच ‘मुलकी’. हैदराबाद संस्थानात मुलकी म्हणजे तिथला भूमिपुत्र. जन्माने नसेल तर पंधरा वर्षं वास्तव्य लागे, मग नोकरी. आपल्याकडे मुलकी म्हणजे महसुली. मुलकी पाटील वसूल बघायचा आणि पोलीस पाटील बंदोबस्त. शब्द एक, घाटाच्या दोन बाजूंनाच काय, दोन संस्थानांत दोन अर्थ.

परदेशातल्या दुर्घटनेची बातमी असेल तर ‘देशबांधव’ अजिबात नको. ‘भारतीय नागरिक’ लिहायचं. नागरिक हा पासपोर्टवरचा शब्द, मोजता येतो. ‘४२ देशबांधवांची सुटका’ हे भाषण झालं.

मळ्यातला
आणि ‘एतद्देशीय’? जुन्या पुस्तकात दिसतो.

बातमी_डेस्क
तो एकोणिसाव्या शतकातला, ‘नेटिव्ह’ला केलेला. ‘या देशातले’ एवढाच अर्थ. पण बोलणारा साहेब असला की ‘एतद्देशीय’ म्हणजे ते खालचे लोक आणि बोलणारा आपल्यातला असला की ‘स्वदेशीय’. आज दोन्ही डिजिटलवर घालू नका, त्यातल्या ‘द्दे’ला छापताना काय होतं ते बघवत नाही.

तालीमवाला
भारी चाललंय. पण मूळ शंका राहिलीच. ‘बांधव’मध्ये बायका येतात का? आमच्या सत्कारात दोन वीरमाता आणि एक वीरपत्नी आहेत.

खासबाग
कोल्हापुरात बायकाच ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. बांधवमध्ये आरामात बसतील.

पेठेतली
भावा, ‘मी आलो’ हे आमचं आम्ही म्हणतो. तुम्ही आमच्या वतीने ‘आलो’ म्हणायचं नाही.

मुद्द्याचं बोलायचं तर शाळेतली प्रतिज्ञा काढा. त्यात दोन्ही शब्द आहेत आणि दोन वेगळ्या जागी आहेत. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे दुसरं वाक्य. पुढे ‘माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे’. पहिल्या जागी इंग्रजीत भाऊ आणि बहिणी असे दोन शब्द आहेत, हिंदीत ‘भाई-बहन’. मराठीने दोन्हींचं काम एकट्या ‘बांधव’वर टाकलं. दुसऱ्या जागी इंग्रजीत नुसतं ‘माझे लोक’ आहे, मराठीने तिथेही नातं जोडलं. म्हणजे इंग्रजी-हिंदीपेक्षा मराठी प्रतिज्ञा या शब्दावर जास्त उभी आहे. मूळ प्रतिज्ञा तेलुगू, पैदिमर्री व्यंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिलेली. त्यात ‘सहोदरुलु’ आहे, म्हणजे एका पोटचे. तेलुगूत सख्खे झाले, मराठीत आते-मामे-मावस.

तेव्हा प्रतिज्ञेत मुली ‘बांधव’ म्हणत आल्यात आणि त्या वाक्यात ‘सारे भारतीय’ असल्यामुळे कुणी बाहेर राहत नाही. पण समोर माणसं बसवून हाक मारताना तसं होत नाही. ‘बांधवांनो’ म्हटलं की मान पुरुषच वर करतात. बायका पर्स सांभाळत बसतात. हाक आहे ना ती, व्याख्या नव्हे.

शारदा_क
संस्कृतात ‘बान्धवी’ आहे, मराठीने घेतला नाही. बंगालीने घेतला, पण तिथे त्याचा अर्थ मैत्रीण. तेव्हा ‘देशबांधव आणि देशबांधवींनो’ असला प्रयोग करू नका. ‘बंधू-भगिनींनो’ बरा.

मुद्रितशोधक
त्यातही एक बारकावा. ‘बंधू आणि भगिनींनो’ असं सर्वत्र ऐकू येतं. काटेकोर लिहायचं तर प्रत्यय दोन्हींना हवा: बंधूंनो आणि भगिनींनो. किंवा दोन्ही मिळून एकच शब्द करा आणि प्रत्यय शेवटी एकदाच: बंधुभगिनींनो. इथे समासात ‘धु’ ऱ्हस्व.

सुभेदार_निवृत्त
सत्काराचा विषय निघाला म्हणून. पत्रिकेत ‘माजी सैनिक बांधवांचा सत्कार’ असं असेल तर ते आत्ताच बदला. वीरमाता, वीरपत्नी यांना त्या ओळीत जागा नाही. लिहायचं असं: ‘माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नी यांचा सत्कार’. हाक मारताना हुद्दा आधी, नाव मागून. निवृत्त माणसाच्या हुद्द्यामागे ‘माजी’ लावत नाहीत, ‘माजी सुभेदार’ चूक, ‘सुभेदार अमुक, निवृत्त’ बरोबर. वीरमातांची नावं आधी पुकारा आणि त्यांना स्टेजच्या पायऱ्या चढायला लावू नका, खाली येऊन सत्कार करा.

शब्दाबद्दल म्हणाल तर पलटणीत ‘देशबांधव’ कुणी म्हणत नाही. तिथे सगळेच देशाचे. तिथे विचारतात ‘ग्राईं कोण आहे?’ पंजाबी-डोगरी शब्द, अर्थ एका गावचा. मराठा लाइट इन्फंट्रीत आपली पोरं ‘गाववाला’ म्हणतात. गंमत अशी की हे अंतर ठिकाणावर ठरतं. बेळगावच्या सेंटरमध्ये गाववाला म्हणजे खरंच शेजारच्या गावचा. सियाचीनला कोल्हापूरच्या माणसाला लातूरचाही गाववाला लागतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा माणूस मात्र कुठेही गेला तरी त्याला खराखुरा गाववाला सापडतो, गावच तसं आहे.

मळ्यातला
सलाम साहेब. हे ‘गाववाला’चं रबर बरोबर वळखलं. गावात असताना तो वरच्या आळीचा, कोल्हापुरात आला की आमच्या गावचा, पुण्यात आपल्या जिल्ह्याचा, मुंबईत घाटावरचा, दुबईत मराठी. माणूस तोच.

बातमी_डेस्क
एक शब्द कुणी काढला नाही: ‘समाजबांधव’. वधू-वर मेळावा, मोर्चा, गुणवंतांचा सत्कार, सगळ्या पत्रकांवर ‘समस्त समाजबांधवांनी उपस्थित राहावे’. तिथे समाज म्हणजे जात. शंभर वर्षांपूर्वी उघड ‘ज्ञातिबांधव’ लिहायचे, आता ‘ज्ञाति’ लाजली आणि ‘समाज’ आला. त्यामुळे कोल्हापुरात नुसतं ‘बांधव’ वाचलं की वाचणारा आधी बघतो, खाली फोटो कुणाचे आहेत.

दुसरी सवय आम्हा बातमीदारांची. ‘मुस्लिम बांधवांनी ईद साजरी केली’, ‘आदिवासी बांधव’, ‘कोळी बांधव’. प्रेमानेच लिहितो. पण नीट बघितलं तर हे शेपूट बहुतेक वेळा ज्यांना आपण ‘ते’ समजतो त्यांनाच लागतं. ‘डॉक्टर बांधव’ किंवा ‘सराफ बांधव’ किती वेळा वाचलंय? ‘शेतकरी बांधव’ मात्र रोज. बातमीतून हा शब्द काढला तर बहुतेकदा काही बिघडत नाही. ‘शेतकऱ्यांनी आंदोलन केले.’ झालं.

बारूम
संविधानाचं मराठी याबाबत बघण्यासारखं आहे. सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’. बांधव नाही, नागरिक नाही, लोक. नातं शेवटाकडे येतं, ‘बंधुता’ म्हणून. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेचा अर्थ सांगितला तो सर्व भारतीयांमधल्या समान भाऊपणाचा, आणि ती जातीमुळे अवघड आहे हेही तिथेच सांगितलं. म्हणजे लोक आहेतच, बांधव व्हायचे आहेत. प्रजासत्ताक दिनाच्या पत्रिकेला या दिशेने शब्द सापडावा असं माझं मत. ‘देशबांधव’ ठेवा, पण त्याला विशेषण लावू नका. ‘तमाम’, ‘समस्त’, ‘कट्टर’, काही नको.

खासबाग
आणि ‘भाई’? कोल्हापुरात शेकापवाले एकमेकांना भाई म्हणायचे. भाई माधवराव बागल. सेवादलात साथी, लाल बावट्यात कॉम्रेड.

बारूम
ते सगळे पक्षाचे. रक्तदानाला बाकीचे येणार नाहीत.

मळ्यातला
माझं मत उलटं हाय. देशबांधव कागदावर ठेवा. माइकवर ‘मंडळी’ म्हणा. ‘मंडळी’त बाया येत्यात, पोरं येत्यात, जात येत न्हाई, पक्ष येत न्हाई, वेलांटी चुकायची भीती न्हाई. चौकात हुभं राहून ‘देशबांधवांनो’ म्हटलं की लोक पुढारी आला म्हणून निघून जात्यात.

पेठेतली
‘मंडळी’ हळदी-कुंकवाला ठीक. झेंडा चढल्यावर ‘काय मंडळी’ बरं दिसत नाही. ‘कोल्हापूरकर’ का नको? ‘-कर’ला लिंग नाही. घरात पाच माणसं असली तरी पाचही कोल्हापूरकर. ‘करवीरवासीय’ नको, तो निवडणुकीतला शब्द झालाय.

निपाणी_नाका
सत्काराला बाहेरगावचे माजी सैनिक असतील तर? निपाणीचा माणूस कोल्हापूरकर कसा?

पेठेतली
बरं, तेही खरं. झेंड्यापाशी देशबांधव, संध्याकाळी नावं घ्यायची.

मुद्रितशोधक
मग मसुदा असा करून बघा.

डिजिटल: ‘७७ वा प्रजासत्ताक दिन’ वगैरे आकडा टाकणार असाल तर वर्ष मोजून टाका. पहिला २६ जानेवारी १९५० ला, म्हणून चालू सनातून १९४९ वजा करायचे. १९५० वजा केले की एक कमी येतो, दर वर्षी कुठल्या तरी चौकात येतोच. खाली एकच ओळ: ‘सर्व देशबांधवांना शुभेच्छा’. हाक नाही, म्हणून ‘नो’चा प्रश्नच नाही.

पत्रिका: ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहावे.’ इथे बांधव, वासीय, काहीच लागत नाही. ‘आपण’ पुरतं. सत्काराची ओळ सुभेदारसाहेबांनी दिली तशी.

माइक, सकाळी: ‘बंधूंनो आणि भगिनींनो’. संध्याकाळी थेट ‘वीरमाता श्रीमती अमुक, वीरपत्नी श्रीमती तमुक, सर्व माजी सैनिक आणि मंडळी’. मळ्यातल्यांची मंडळी शेवटी बसवली.

मळ्यातला
शेवटी का हुईना, जागा दिली.

तालीमवाला
हे झकास. चौघांपैकी कुणाचाच शब्द जसाच्या तसा आला नाही, त्यामुळे आता कुणी रुसणार पण नाही. ‘राष्ट्रबांधव’वाला विचारतोय, त्याच्या शब्दात चूक काय?

शारदा_क
चूक काही नाही. ‘देशबांधव’ने ज्या अर्थाला आधीच जागा धरलीय तिथेच तो दुसरा रुमाल टाकतोय. शिवाय ‘ष्ट्र’ वाचायला लांबून अवघड.

कोरल_बारा
छपाईवाला म्हणून दोन शब्द. तुमच्यासारख्यांचे मजकूर रोज येतात.

लांबून वाचायचं म्हणालात तर अंदाज असा: दहा फुटांवरून आरामात वाचायला इंचभर उंचीचं अक्षर. चौकात रस्त्यापलीकडून चाळीस फूट धरले तर चार इंच, आणि देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार असतो म्हणून ओळीला सहा इंच सोडा. दहा फूट रुंदीत ‘सर्व देशबांधवांना शुभेच्छा’ आरामात बसतं. खाली बावीस फोटो टाकणार असाल तर बसत नाही.

मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवता आणि आमच्याकडे जुनं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) असतं. त्यात युनिकोड टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. ‘प्रिय’चं काय होतं ते सगळ्या गावाने बघितलंय. म्हणून आम्ही परत टाइप करतो आणि परत टाइप करताना अनुस्वार गळतो. ‘देशबांधवाना’ होतं. तुमच्या ओळीत ‘बां’ आणि ‘वां’ असे दोन अनुस्वार आणि ‘र्व’वर एक रफार आहे. प्रूफ आलं की हे तीनच बघा. मोबाइलवरच्या फोटोत बघू नका, पीडीएफ मागवा आणि मोठं करून बघा. मग कर्व्ह करायला सांगा.

तालीमवाला
कर्व्ह म्हणजे?

कोरल_बारा
अक्षराचं चित्र करणं. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला तरी मग हलत नाही. पण एकदा केलं की अनुस्वारसुद्धा टाइप करून घालता येत नाही, गोल काढून चिकटवावा लागतो. तेव्हा आधी वाचा. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत आणा, नंतर मशीनला वाढदिवस लागलेत.